घडीवर उडणारी अक्षरं : झेरॉक्स कच्ची का राहते?

कोपर स्टेशनात उतरून आलेल्यांना इथल्या हवेबद्दल वेगळं सांगायला नको. खाली कल्याणची लोकल, वर वसई-दिवा मार्गाची गाडी आणि जवळच खाडी. पावसाळ्यात इथं पापड जसा सादळतो तसाच कागदही सादळतो, आणि आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

आम्ही झेरॉक्स मशीन दुरुस्तीचं काम करतो. एका जुलैत, ऐन प्रवेशाच्या गर्दीत, एका दुकानातून बोलावणं आलं. एका मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत घडी घालून पर्समध्ये गेली होती. खिडकीवर ती उघडली, तर जन्मतारखेतला एक आकडा घडीवरच उडालेला. तिचा अर्ज त्या दिवशी घेतला गेला नाही. दुकानदारकाका नवा फ्यूजर मागवायला निघाले होते. आम्ही म्हटलं, "काका, पैसे घालण्याआधी बघू तरी."

आधी मुळातली गोष्ट समजून घेऊ. टोनर ही शाई नव्हे. ती प्लॅस्टिकची अतिशय बारीक, रंगीत पूड असते. ड्रमवरून ती कागदावर येते तेव्हा नुसत्या विद्युतभाराने चिकटलेली असते. बोट फिरवलं तर पुसली जाईल. पुढे फ्यूजरमध्ये एक तापलेला रोलर आणि त्याला दाबून धरणारा प्रेशर रोलर असतो. दोघांच्या मधून कागद जाताना पूड वितळते आणि कागदाच्या तंतूंत रुतते. चेस्टर कार्लसन यांनी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिली प्रत काढली, तेव्हाही पूड मेणकागदावर घेऊन उष्णतेनेच पक्की केली होती. तत्त्व आजही तेच आहे : उष्णता, दाब आणि वेळ. यातलं एक कमी पडलं की प्रत कच्ची राहते.

मग काकांच्या दुकानात काय कमी पडलं होतं? कागदाची रीम फोडून काउंटरखाली लादीवर ठेवलेली, शटरच्या अगदी जवळ. आता हिशोब करा. ८० जीएसएमचा ए-४ कागद ५ ग्रॅमचा असतो. त्यातला ओलावा ३ टक्क्यांनी वाढला, तर प्रत्येक कागदात ०.१५ ग्रॅम जास्तीचं पाणी आलं. एवढ्या पाण्याची वाफ करायला सुमारे ३४० ज्यूल उष्णता लागते. रोलरमध्ये सगळं पाणी उडत नाही हे खरं, पण कागद तिथं सेकंदाचा अगदी छोटा अंशच असतो. तेवढ्यात पाण्याने उष्णता खाल्ली, तर पुडीच्या वाट्याला काय येणार? आम्ही कपाटातली सीलबंद रीम लावली. प्रत घडी घालून नखाने दाबली, उलगडली, बोटाने चोळली. अक्षरं जागच्या जागी. फ्यूजर ठीकच होता.

म्हणून आमचं सांगणं एवढंच : आधी फुकटचे उपाय, मग पैशांचे. दोष कुठे दिसतो ते नीट पाहा.

फक्त सकाळच्या पहिल्या काही प्रती कच्च्या येत असतील, तर मशीनला पुरतं तापू द्या. जाड कागदावरच अक्षरं सुटत असतील, तर ट्रेची सेटिंग बघा. जाड कागद निवडला की मशीन बहुतेक वेळा वेग कमी करतं किंवा तापमान वाढवतं. टोनर बदलल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर पुडीवर संशय घ्या. प्रत्येक पूड एकाच तापमानाला वितळत नाही. कागदाची एकच बाजू कच्ची राहत असेल, तर दाब दोन्हीकडे सारखा नाही. डाग ठराविक अंतराने परत येत असेल, तर पट्टीने मोजा. ३० मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा घेर साधारण ९४ मिलिमीटर असतो. अंतर तेवढंच भरलं, तर दोष त्या रोलरवर आहे.

चाचणी नेहमी काळ्या भागावर घ्या. आधार कार्डावरचा फोटो किंवा ठळक मथळा यात पूड जास्त असते, त्यामुळे कच्चेपणा तिथं आधी दिसतो. आणि एक फसवा प्रकार ध्यानात ठेवा. मऊ पीव्हीसीच्या फाइलमध्ये प्रत बरेच दिवस राहिली, तर पक्की अक्षरंसुद्धा प्लॅस्टिकला चिकटतात. तो मशीनचा दोष नाही.

एवढं करूनही प्रत कच्चीच राहिली, तर मात्र फ्यूजर उघडायचा. आधी मशीन बंद करा, प्लग काढा आणि तो पुरता गार होऊ द्या. आत थर्मल फ्यूज असतो. तापमान हाताबाहेर गेलं की तो वीज तोडतो. तो उडाला म्हणून कुणी सरळ वायर जोडून देतो म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नका. आजूबाजूला कागदच कागद असतो. आग लागायला किती वेळ लागणार?

पावसाळ्यात रीम जमिनीवर ठेवू नका. ट्रेमध्ये दिवसापुरताच कागद घाला, उरलेला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. आणि रोज दुकान उघडलं की एका प्रतीची घडी घालून पाहा. कच्ची प्रत काउंटरवर चांगलीच दिसते. ती उघडी पडते दुसऱ्याच्या खिडकीवर, आणि तोवर गिऱ्हाईक आपल्यापासून लांब गेलेलं असतं.

कुणी आपल्या दुकानातल्या प्रती आणल्या असतील तर पुढे या, इथंच घडी घालून बघू.