हळद आणि स्मृतिभ्रंश

अर्धापूरच्या शिवारात केळीइतकीच हळदही घरची. पण ती स्मृतिभ्रंश रोखते का? मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के. त्यातून निघणारी मुक्त मूलके पेशींना इजा करतात. हळदीतले कुरकुमिन हे अँटिऑक्सिडंट त्यांना आवरते, पण परीक्षानळीत. पोटातून रक्तात ते फारच थोडे उतरते. अमेरिकेत अल्झायमरच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे कुरकुमिन देऊन पाहिले. २०१२मध्ये निकाल आला: फायदा दिसला नाही. ‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम या इतर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनीही ७,५००हून अधिक पुरुषांच्या चाचणीत स्मृतिभ्रंश टळला नाही. भाजीतली हळद खुशाल खा. मात्र आजोबा घरची वाट चुकू लागले, तर महागड्या कॅप्सूल आणण्याआधी त्यांचे बी-१२ आणि थायरॉइड तपासा. त्यांच्या कमतरतेमुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो.