मूल्यांकन म्हणजे तिजोरीतली रक्कम नव्हे

स्टार्टअपविषयीच्या गैरसमजांत सर्वांत चिवट गैरसमज मूल्यांकनाचा, म्हणजे व्हॅल्युएशनचा आहे. कंपनीचे मूल्यांकन २५ कोटी झाल्याची बातमी आली की कंपनीकडे २५ कोटी जमा झाले आणि संस्थापक कोट्यधीश झाले, असे बिनदिक्कत धरले जाते. दोन्ही समजुती चूक आहेत आणि कितीही वेळा खोडल्या तरी पुढच्या मथळ्यासरशी पुन्हा डोके वर काढतात.

हिशेब शाळकरी आहे. गुंतवणूकदाराने ५ कोटी रुपये देऊन २० टक्के हिस्सा घेतला, तर त्या दराने अख्ख्या कंपनीची किंमत २५ कोटी निघते. बँकेत येतात ते ५ कोटीच. बाकीचे २० कोटी निव्वळ गुणाकारातून आलेले असतात. नाक्यावरचा एक गुंठा चढ्या भावाने गेला म्हणून गावच्या सगळ्या शिवाराला तो भाव मिळत नाही. शिवाय कंपनी नवे समभाग काढते तेव्हा रक्कम कंपनीच्या खात्यात जाते. संस्थापकांनी स्वतःच्या मालकीचे समभाग विकले तरच त्यांच्या हाती काही पडते.

गुणाकारातही एक मेख आहे. गुंतवणूकदार सहसा साधे समभाग घेत नाही. त्याच्या प्रेफरन्स शेअरना कंपनी विकली गेल्यास आधी स्वतःचे पैसे काढून घेण्याचा हक्क जोडलेला असतो. वरची कंपनी पुढे ८ कोटींना विकली गेली, तर तो आधी आपले ५ कोटी उचलतो. ८० टक्के हिस्सा असलेल्या संस्थापकांना ६.४ कोटी नव्हे, ३ कोटी मिळतात. विक्री ५ कोटींना झाली, तर काहीच नाही. म्हणजे गुंतवणूकदाराच्या समभागाचा भाव संस्थापकांच्या समभागाला लावणेच गैर. गोर्नल आणि स्ट्रेबुलाएव्ह या अभ्यासकांनी अमेरिकेतील १३५ युनिकॉर्न कंपन्यांचे असे करार तपासले. २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, जाहीर मूल्यांकने वाजवी किमतीपेक्षा सरासरी ४८ टक्के फुगलेली होती.

कंपनी चालवणाऱ्याला रोज लागणारा आकडा वेगळाच आहे. महिन्याचा खर्च ४० लाख आणि वसुली १५ लाख असेल, तर दरमहा २५ लाख जळतात. ५ कोटी २० महिने पुरतात. या मुदतीला धंद्यात ‘रनवे’ म्हणतात. नोकरभरती, जाहिरात, पुढची गुंतवणूक कधी मागायची, हे सगळे निर्णय याच मुदतीवर ठरतात. मूल्यांकनातून पगार होत नाहीत. बायजूजचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर, म्हणजे दीड लाख कोटी रुपयांहून अधिक होते. जुलै २०२४ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या मूळ कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली.

इतर गैरसमज थोडक्यात निकालात निघतात.

‘बाहेरचा पैसा नसेल तर कंपनी मोठी होत नाही.’ १९९६ मध्ये सुरू झालेली झोहो आणि २०१० मधली झिरोधा ग्राहकांकडून आलेल्या पैशावरच वाढल्या.

‘संस्थापक विशीतलाच हवा.’ अझूले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी जनगणना विभागाची आकडेवारी तपासली. सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारांत एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय ४५ निघाले.

‘जो पहिला तोच जिंकतो.’ गूगल १९९८ मध्ये आले, तेव्हा याहू आणि अल्टाव्हिस्टा आधीच प्रस्थापित होते.

‘५१ टक्के हिस्सा असला की सत्ता आपली.’ कंपनी कायदा, २०१३ नुसार नियमावली बदलण्यासारख्या गोष्टींना विशेष ठराव लागतो आणि त्यासाठी विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. कित्येक निर्णय तर गुंतवणूकदाराच्या संमतीशिवाय घ्यायचे नाहीत, असे करारातच लिहिलेले असते.

‘स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता मिळाली की प्राप्तिकर माफ.’ मान्यता आणि करसवलत या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत; सवलतीसाठी आंतर-मंत्रालयीन मंडळाचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते, आणि नफाच नसेल तर त्या सवलतीचा उपयोगही नसतो.