टंचाई लपवू नये, वाटून घ्यावी

पंचेचाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाच्या हाती नोकरी संपल्याचे पत्र पडते, तेव्हा घरी येईपर्यंत त्याच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : घरात सांगावे की नाही? पत्नीला काळजी नको, मुलीचे दहावीचे वर्ष आहे, आईची प्रकृती नाजूक आहे, असे म्हणत कित्येक जण गप्प राहतात. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे डबा घेऊन बाहेर पडतात आणि ग्रंथालयात किंवा बागेत वेळ काढून सायंकाळी परततात. बँकेच्या सेवेत अशी माणसे मी माझ्या टेबलासमोर बसलेली पाहिली आहेत. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु या मौनाची किंमत किती पडते, हे हिशेबाने मांडणे मला आवश्यक वाटते.

घरात सांगितलेले नसते, म्हणून खर्च पूर्वीप्रमाणेच चालतो. पगार मात्र येत नाही. मग क्रेडिट कार्ड पुढे येते. कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज ही अनेक ठिकाणी नित्याची आकारणी आहे. म्हणजे वर्षाला ४२ टक्के. एक लाख रुपयांच्या थकबाकीवर ५,००० रुपये भरले, तर त्यांतील ३,५०० व्याजात आणि ६३० त्या व्याजावरील जीएसटीत जातात. मुद्दल कमी होते ते अवघे ८७० रुपयांनी. शिवाय मागील बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदतही मिळत नाही. नोकरी जाणे ही आपत्ती आहेच, पण ती लपविण्यासाठी घेतलेले कर्ज ही दुसरी आपत्ती असून ती आपणच ओढवून घेतलेली असते.

म्हणून पहिल्याच आठवड्यात घरातील सर्वांनी एकत्र बसावे, कळत्या मुलांनाही बसवावे आणि एका कागदावर आकडे मांडावेत. उदाहरण घेऊ. चौदा वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये आहे. ग्रॅच्युइटी काढताना महिन्याचे २६ दिवस धरून दर वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांचे वेतन देतात. म्हणजे वर्षाला २२,५०० आणि चौदा वर्षांचे ३,१५,०००. शिल्लक रजेचे ४५,००० मिळाले, तर एकूण ३,६०,००० झाले. एवढी रक्कम एकदम खात्यात दिसली की मन सैल होते. पण हे उत्पन्न नव्हे, बेगमी आहे. आपल्या आजीने वैशाखात भरलेली धान्याची कणगी जशी महिन्यांच्या हिशेबाने उघडली जाई, तशीच ही रक्कम बारा भागांत वाटावी. महिन्याला ३०,००० आले. पत्नीच्या शिकवणीचे ९,००० मिळवले, तर घर ३९,००० रुपयांत चालवायचे आहे.

पूर्वीचा खर्च ५६,००० होता असे धरू. नोकरीबरोबर कंपनीचा सामूहिक आरोग्यविमाही संपतो. त्याच विमा कंपनीकडे वेळेत अर्ज केल्यास वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि जुन्या आजारांसाठी आधी मोजला गेलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. त्या हप्त्याचे महिन्याकाठी २,००० धरले, तर गरज ५८,००० ची होते. तूट आली १९,००० ची.

येथे बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड स्वयंपाकघरावर पडते. दूध निम्मे होते, फळे बंद होतात, गृहिणी स्वतःच्या ताटातले कमी करते. हा क्रम उलटा आहे. मोठी बचत मोठ्या आणि ठरलेल्या खर्चांत असते. घरकर्जाचे २० लाख बाकी असून साडेआठ टक्के दराने बारा वर्षे उरली असतील, तर हप्ता सुमारे २२,२०० येतो. बँकेने मुदत वीस वर्षे करून दिली, तर तो सुमारे १७,३६० होतो. महिन्याला ४,८४० सुटतात. गुंतवणुकीची ५,००० ची मासिक वर्गणी थांबवावी. मोटार विकली किंवा उभी ठेवली, तर ४,००० वाचतील. बाहेरचे खाणे, मनोरंजनाच्या वाहिन्या, जादा मोबाइल जोडण्या यांतून २,५०० निघतील. बेरीज १६,३४० झाली. आता स्वयंपाकघर, कपडे आणि किरकोळ खर्च मिळून उरले केवळ २,६६०. एवढे कमी करताना कोणाच्या पोटाला चिमटा बसत नाही. घरी कुटलेला मसाला, भाकरीसोबत कधी मटकी, कधी हुलगे, हंगामाची स्वस्त भाजी एवढ्याने ते साधते.

घरकर्जाच्या मुदतवाढीसाठी बँकेत केव्हा जावे, यालाही महत्त्व आहे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि अधिकाऱ्याचे हात बांधले जातात. पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच नोकरी संपल्याचे पत्र आणि वरील कागद घेऊन येणाऱ्या ग्राहकासाठी काही करता येते. मुदतवाढ देणे बँकेवर बंधनकारक नाही. पण वेळेवर आणि खरे सांगणाऱ्याचे पारडे जड असते. मात्र ही सवलत फुकट नाही. वरील उदाहरणात पूर्ण वीस वर्षे हप्ते भरले, तर साडेनऊ लाखांहून अधिक रक्कम जादा जाते. म्हणून ती तात्पुरती सोय समजावी.

भविष्य निर्वाह निधीला शक्य तोवर हात लावू नये. सेवा पाच वर्षांहून कमी असताना काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास दहा वर्षांची सेवा लागते. नवी नोकरी लागताच जुने खाते तिकडे वर्ग करावे. मुदतीचा आयुर्विमाही बंद पडू देऊ नये. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला पंधराच.

एवढे सांगूनही एक खर्च कागदावर येत नाही, तो म्हणजे प्रतिष्ठेचा. भाच्याच्या लग्नात आहेर कमी कसा करावा? मंदिरात दरवर्षी बोली घेत आलो, यंदा मागे बसलो तर लोक काय म्हणतील? याच प्रश्नांपायी ठेवी मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण आपले आपण ठरवायचे असते, शेजाऱ्याने नव्हे. यंदा बोली न घेता पंगतीत वाढायला उभे राहिले, तर सेवा कमी होत नाही. मात्र परिस्थितीने लादलेल्या टंचाईला त्याग म्हणून गौरवू नये. ज्याचा पगार गेला आहे, त्याला अपरिग्रहाचा उपदेश करणे सोपे असते. त्याच्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकणे अधिक उपयोगाचे. समाजातील व्यापारी बंधूंनी हिशेबाचे, खरेदीचे, गोदामाचे काम अशा व्यक्तीला द्यावे. मदत करायची असेल, तर मुलांची फी थेट शाळेत भरावी आणि त्याची वाच्यता करू नये.

माझ्या परिचयातील एका घरात नववीतल्या मुलीकडे खर्चाची वही सोपवली होती. तिसऱ्या महिन्यात तिनेच दाखवून दिले, की कोणी न वापरणाऱ्या व्यायामशाळेची वर्गणी अजून खात्यातून जात आहे. मुलांना सांगितले तर ती खचतील, असे आपण धरून चालतो. त्या मुलीला वडिलांची अडचण कळली होती आणि आपला उपयोग होतो, हेही.

नवी नोकरी बहुधा कमी पगाराची मिळते, म्हणून कागद लगेच फाडू नये. पहिली वाढीव रक्कम घरकर्जाचा हप्ता पूर्ववत करण्यात घालावी. त्यानंतर सहा महिन्यांच्या खर्चाइतकी ठेव उभी करावी आणि मग थांबवलेली गुंतवणूक सुरू करावी. मोटारीचा विचार त्यानंतर, आणि तोही घरातल्या सर्वांना विचारून.