मुक्काम ५६ ए.पी.ओ.

कड्याच्या पेठेत सायकली भाड्याने देणाऱ्या एका दुकानात फळीला सुतळी ताणून तिच्यावर पुस्तके टांगलेली असत. सायकल तासावर आणि पुस्तक दिवसावर. दहा पैसे रोज. पान फाटले तर दंड वेगळा. १९७३-७४ च्या सुमाराला आम्हा शाळकरी पोरांचे ग्रंथालय ते हेच. त्या सुतळीवरचा राजा होता गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप.

आज पस्तिशीतल्या वाचकाला हे नाव ठाऊक असेलच असे नाही. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आमच्या वडिलांच्या पिढीचे. ते शहरातले, रात्रीच्या मुंबईतले. नाईकांनी रहस्यकथेला लष्करी गणवेश चढवला आणि तिला सरहद्दीवर नेऊन सोडले. हेर, शत्रूच्या गोटातले कागद, पहाटेपूर्वी गाठायची चौकी. १९७१ चे युद्ध नुकतेच जिंकलेले होते, त्यामुळे हा माल उचलला गेला नसता तरच नवल. नाईकांच्या नावावर बाराशेच्या आसपास कादंबऱ्या सांगतात. माझ्यातला बँकवाला लगेच हिशेब मांडतो : महिन्याला पाच लिहून हातावेगळ्या केल्या तरी बाराशे व्हायला वीस वर्षे लागतात. ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या इयन फ्लेमिंगने १९५३ मध्ये जेम्स बाँड जन्माला घातला आणि अवघ्या चौदा पुस्तकांवर तो जगभर पोचला. आमच्या कॅप्टनला महाराष्ट्राची वेस ओलांडता आली नाही.

पण मला सांगायचे आहे ते आमच्या शेजारच्या काकूंबद्दल.

काकूंचा थोरला मुलगा फौजेत होता. आष्टी तालुका पाण्याला पारखा. १९७२ च्या दुष्काळात तर अर्धे गाव खडी फोडायला गेले. काकूही गेल्या. त्या साली मुलाची मनीऑर्डर आली की घरात ज्वारी यायची, नाही आली की सुकडीवर भागायचे. पत्रही यायचे, महिन्या-दीड महिन्याने. ते वाचून दाखवायचे काम माझ्याकडे. पत्रात ‘मी खुशाल आहे’ यापलीकडे फारसे काही नसे आणि पत्त्याच्या जागी लिहिलेले असे : द्वारा ५६ ए.पी.ओ.

हे गाव कुठे आले, असे काकू विचारत. पोस्टमनने एकदा समजावले की हे गाव नव्हे, फौजेच्या टपालाचा आकडा आहे. मुलगा काश्मिरात असला तरी पत्ता हाच. काकूंना ते पटले, पण त्यांचे समाधान झाले नाही. पोटचे पोर आकड्यात राहते, हे कुठल्या आईला मानवेल?

एका संध्याकाळी मी ओसरीवर कंदिलाजवळ कॅप्टन दीप वाचत बसलो होतो. लपवून वाचायचे पुस्तक. शाळेत एका गुरुजींनी असलेच एक जप्त करून माझ्या पाठीत धपाटा घातला होता. काकूंनी विचारले, “कशाचं रं?” मी म्हणालो, “मिलिटरीचं.” त्या समोर येऊन बसल्या. “मोठ्यानं वाच.”

तेव्हापासून आमचा परिपाठच पडला. दहा पैसे काकू देत. खडीच्या मजुरीतले दहा पैसे म्हणजे काय, हे मला पुढे कळले. बर्फ कसे असते, खंदकात झोपतात कसे, रात्री पहारा कोण देतो, हे त्या विचारत आणि पुस्तकात नसेल ते मी ठोकून देत असे. शृंगाराची पाने मी गिळून टाकायचो. एका पुस्तकाचा शेवटचा फर्माच गळालेला निघाला. कॅप्टन शत्रूच्या ताब्यात, हात बांधलेले, आणि पुढे नुसता दोरा. काकू म्हणाल्या, “आला का परत?” कोऱ्या पुठ्ठ्याकडे पाहत मी पाऊण तास त्याला परत आणला. माझी पहिली कादंबरी कोणती, असे मुलाखतकार विचारतात तेव्हा मी छापील उत्तर देतो. खरे उत्तर हे आहे.

या पुस्तकांचे दोष आता स्पष्ट दिसतात. एका साच्यातून काढलेले प्रसंग, सोयीने घडणारे योगायोग. सर्वांत मोठी उणीव मात्र समीक्षकांनी कधी दाखवली नाही, कारण त्यांनी ती वाचलीच नाहीत : या नायकाला मनीऑर्डर करावी लागत नाही. त्याला रजा नाकारली जात नाही, त्याच्या वावरात विहीर आटत नाही. आमच्याकडची पोरे फौजेत गेली ती पगारासाठीही गेली आणि देशासाठीही. या दोन गोष्टींत त्यांना विरोध वाटत नव्हता. नगरला चिलखती दलाचे केंद्र, रस्त्याने जाणारे रणगाडे आमच्या ओळखीचे. त्या पोलादात बसलेला माणूस घरी किती पैसे पाठवतो, हे कादंबरीत आले नाही. पुढे बँकेत दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभे राहणारे माजी सैनिक पाहिले आणि ती न लिहिलेली पाने मला पासबुकांत सापडली.

नाईक नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. उतारवयात त्यांना पैशांची चणचण सोसावी लागली. हजारावर पुस्तके लिहिलेला माणूस! ती सुतळीवरची पुस्तके हाताळून हाताळून संपली. जपून ठेवावीत असे कोणाला वाटले नाही. २०२२ पासून नगरहून आष्टीकडे रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन आले. मध्ये गेलो तेव्हा सायकल दुकानाच्या जागी मोबाइलचे दुकान होते.

काकूंचा मुलगा १९७५ च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या रजेवर आला. तोवर काकूंनी आळीत त्याच्या पराक्रमाची बरीच हवा केली होती. तो ओशाळून हसला. “काकू, अगं मी सप्लायला आहे. पिठाची पोती मोजतो.” मुलगाही आईला काकूच म्हणायचा.

काकूंनी इकडे-तिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून मला म्हणाल्या, “बघ. अगदी तुझ्या कॅप्टनवाणी. घरच्यांनासुदिक खरं सांगत न्हाई.”