गंजिफेला तिघं लागतात

पेटी पत्र्याची आहे, सुतळीने आवळलेली. चार वर्षं माझ्या माळ्यावर पडून होती. यंदा गणपतीच्या आवराआवरीत ती खाली काढली आणि परत वर ठेवायचं मन होईना, म्हणून बैठकीच्या खोलीत दिवाणाखाली सरकवली. आत पत्त्यांचे चौदा डबे आहेत. पुण्यातल्या आमच्या पत्ते जमवणाऱ्यांच्या मंडळाची एवढीच मालमत्ता.

मंडळ म्हणजे नऊ जण. नोंदणी नाही, वर्गणी नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, नवीन मिळालेलं दाखवायचं, दुबार असेल ते एकमेकांना द्यायचं. एकाकडे बेल्जियममधल्या टर्नहाउट गावी छापलेल्या जोडांचा मोठा साठा होता. पत्ते छापण्यावर जगलेलं ते गाव. तिथला माल हिंदुस्थानातही यायचा. एकाला फक्त जोकर हवे असायचे. एक बाई रेल्वेत होत्या, त्यांनी जाहिरातीचे पत्ते जमवले होते. आणि आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे होते ते काका. त्यांच्याकडे गंजिफा होती.

२०२० मध्ये बैठका थांबल्या. पुढच्या वर्षी काका गेले. त्यांच्या मुलाने पेटी माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाला, "बाबा म्हणाले होते, मंडळाची आहे." मंडळ तेव्हा उरलंच नव्हतं. ते पुन्हा सुरू करायचं की पेटी एखाद्या संग्रहालयाकडे सोपवून मोकळं व्हायचं, हा प्रश्न गेले दोन महिने माझ्यासमोर आहे. त्याचं उत्तर शोधताना लक्षात आलं, की गंजिफेच्या बाबतीत हाच प्रश्न याआधीही पडलेला आहे, आणि त्याचं उत्तर अर्धंच मिळालं आहे.

ज्यांनी गंजिफा पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पान गोल असतं. जुन्या पद्धतीत कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवत, वाळवून घोटत, रंगवून वर लाखेचा हात देत. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पानं. रंगांची नावं ऐकली तर दरबार डोळ्यांपुढे येतो: ताज, शमशेर, गुलाम, चंग, बरात. यातली बरात म्हणजे खजिन्यावरचा हुकूमनामा. मराठी दफ्तरांत जिला 'वरात' म्हणतात तीच. आपल्याकडे रुजली ती मात्र दशावतारी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं, अशी एकूण १२०. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. ओडिशात बुद्धाच्या जागी जगन्नाथ येतो. पत्ते म्हणजे जुगार, असं मानणाऱ्या घरांतसुद्धा हा खेळ चालायचा, कारण पान टाकताना तोंडात देवाचं नाव असायचं.

इतिहास थोडक्यात. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त बारा रंगांची, १४४ पानांची गंजिफा वर्णन केली आहे आणि अकबराने तीत काय बदल केले तेही दिलं आहे. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार हे या छंदाचं टोक. १८६८ मध्ये ते वारले. तोवर त्यांनी 'चद' म्हणजे म्हैसुरी गंजिफेचे एकाहून एक अवघड प्रकार रचले होते, त्यांतला सर्वांत मोठा ३६० पानांचा. मग कारखान्यांतले छापील, चौकोनी, स्वस्त पत्ते आले आणि हाताने रंगवलेल्या पानाला गिऱ्हाईक राहिलं नाही. गंजिफा मागे पडण्याचं खरं कारण हे.

सावंतवाडीला गंजिफा वाचली ती दोन माणसांच्या हट्टामुळे. १९७० च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशिलादेवी यांनी ही कला परत उभी करायचं मनावर घेतलं, तेव्हा ती येणारे चितारी बोटांवर मोजण्याइतके आणि उतारवयातले होते. दोघं स्वतः शिकले, मग इतरांना शिकवलं, राजवाड्यात काम सुरू केलं. आजही मोती तलावाकाठच्या त्या वाड्यात गेलात तर दरबार हॉलमध्ये कारागीर पानं रंगवताना दिसतात. मी गेलो होतो तेव्हा एक मुलगी कल्कीच्या घोड्याचा डोळा काढत होती. एका केसाएवढ्या कुंचल्याने एक ठिपका. तिने श्वास धरला, ठिपका दिला, श्वास सोडला, पान बाजूला ठेवून दुसरं घेतलं. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी वाचताना मला काकांची फार आठवण आली.

संग्राहकांचं काम या सगळ्याला समांतर चालू होतं. बर्लिनचे रुडॉल्फ फॉन लायडन १९३० च्या दशकात मुंबईला आले. प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिलेले कलासमीक्षक म्हणून त्यांचं नाव चित्रकलेच्या इतिहासात येतं. पण गंजिफेवर त्यांनी केलेलं काम मला तितकंच मोलाचं वाटतं. गावोगाव फिरून त्यांनी संच गोळा केले आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या प्रदर्शनासाठी गंजिफेवर पुस्तक लिहिलं. १९७२ मध्ये पत्त्यांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, तिचं नियतकालिक आजही निघतं. या वर्तुळातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे मायकेल डमेट, ऑक्सफर्डचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक. १९८० मध्ये त्यांनी टॅरोवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिलं, की ज्या पानांवरून आज भविष्य सांगतात ती पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठी बनली. भविष्याचा प्रकार त्या पानांना अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटला. पत्त्यांवर काय रंगवलं आहे यापेक्षा त्या पत्त्यांनी कसं खेळत, हे डमेट यांनी आधी विचारलं. मंडळात आम्ही वर्षानुवर्षं हा प्रश्न विचारलाच नव्हता.

तो विचारला गेला एका पावसाळ्यात, काकांच्या घरी.

त्यांच्याकडे दशावतारी गंजिफेचा एक जुना संच होता. सरकत्या झाकणाचा लाकडी डबा, वर वेलबुट्टी, आत सुताने बांधलेल्या दहा चळती. वाईच्या एका वाड्यातून तो आलेला. काकांनी पानं मोजून डब्याच्या तळाशी चिठ्ठी ठेवली होती: 'एकूण १२०. पूर्ण.' आम्ही तो संच कितीतरी वेळा हाताळला होता. दहाही राजे, दहाही प्रधान ओळीने मांडून फोटो काढले होते. पुस्तकांतही तेच असतं, संग्रहालयांच्या काचेमागेही तेच: राजा मखरात, प्रधान घोड्यावर. साध्या पानांकडे कुणी बघत नाही. सहा कासवं काय, सात कासवं काय.

त्या रविवारी पाऊस एवढा होता की तिघंच पोचलो. काका म्हणाले, आज खेळून बघू. त्यांनी लहानपणी आजोळी डाव पाहिला होता, नियम थोडे आठवत होते, थोडे वाचून काढले. पांढरी चादर अंथरली. गोल पानं नेहमीच्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. पालथी घालून दोन्ही हातांनी चादरीवर फिरवावी लागतात, जोंधळे पाखडून पसरावेत तशी. मग प्रत्येकाला चाळीस. चाळीस गोल पानं एका पंजात धरणं ही एक विद्याच आहे. माझी दोनदा सांडली.

दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची. रात्री असेल तर कृष्णाचा. पाच अवतारांत प्रधानाखालोखाल दश्शी थोर आणि एक्का सर्वांत हलका, उरलेल्या पाचांत उलटं: प्रधानाखाली एक्का, आणि दश्शी तळाला. वेगळा हुकमाचा रंग नाही. आपल्या हातातलं पान त्या अवताराच्या उरलेल्या पानांत सर्वांत वरचं आहे का, हे ओळखता येणं म्हणजे खेळ. त्यासाठी दहाही रंगांतलं कुठलं पान गेलं, कुठलं राहिलं, हे डोक्यात ठेवायचं. आम्ही तिघं पन्नाशीच्या पुढचे, घामाघूम झालो.

तासाभराने काकांनी कूर्माची सत्ती टाकली. मी माझ्या हातात पाहिलं. कूर्माची सत्ती माझ्याकडेही होती.

आम्ही दोन्ही पानं शेजारी ठेवून कासवं मोजली. सात आणि सात. मग सगळ्या पानांतून कूर्माची अठ्ठी शोधली. नव्हती. चष्मा लावून नीट पाहिलं तेव्हा माझ्या सत्तीच्या मागची लाख जरा काळपट दिसली, कडेचा तांबडा पट्टाही किंचित रुंद. ती दुसऱ्याच संचातली होती. कधीतरी त्या वाड्यात अठ्ठी हरवली असेल आणि कुणीतरी घरातल्याच दुसऱ्या संचातली सत्ती घालून भरती केली असेल. आठवं कासव कुणी मनातच धरत असेल. काका बराच वेळ ते पान हातात घेऊन बसले. मग त्यांनी चिठ्ठी काढली, 'पूर्ण' वर रेघ मारली आणि खाली तारीख घालून लिहिलं: 'खेळलो. कूर्म ८ नाही, कूर्म ७ दोन.'

एकोणीस वर्षं तो संच आमच्यासमोर होता. आम्ही त्याचं मोल सांगत होतो, काळ सांगत होतो, शैली सांगत होतो. एका डावाने जे सांगितलं ते आम्हाला दिसलं नव्हतं. पुढच्या बैठकीत सगळे नऊ जण आले आणि कुणीही नवीन काही आणलं नव्हतं, तरी कुणाला ते जाणवलं नाही.

मंडळ पुन्हा सुरू करण्याविरुद्ध सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते खोटं नाही. आमच्यातले दोघं मुलांकडे परदेशी गेले. पत्त्यांचं बाजारमूल्य आता घरबसल्या कळतं. त्यासाठी बैठक लागत नाही. अमेरिकेत तर खेळाडूंची पानं जमवण्याच्या छंदाचा सगळा जीव किमतीत गेला आहे. २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ चं एक पान एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकलं गेलं. अशी पानं प्लास्टिकच्या कडक पाकिटात सील होतात, मग त्यांना कुणाचं बोटही लागत नाही. आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे की आपणही तेच करावं: पेटीतले जोड नीट मोहोरबंद करावेत, यादी करावी, संग्रहालयाला द्यावेत. पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. एका माणसाच्या वेडातून केवढं उभं राहतं हे तिथे गेल्यावर कळतं. पानं तिथे सुरक्षित राहतील, वाळवीपासून आणि माझ्यानंतर काय होईल या काळजीपासून. हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या माळ्यावर एका डब्यातल्या पानांना कसर लागली, ही माझी चूक आहे.

पण सावंतवाडीचं उदाहरण डोळ्यांपुढून हलत नाही. तिथे रंगवणारे हात परत आले. हे फार मोठं काम झालं. संच विकले जातात, भिंतीवर लागतात, पाहुण्यांना भेट म्हणून जातात. ते घेणाऱ्यांत दशावतारी खेळता येणारे किती? ओडिशात पुरीकडच्या काही खेड्यांत म्हातारी माणसं अजून संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गंजिफा, तिथल्या बोलीत गंजपा, खेळतात, आणि म्हणून तिथल्या चित्रकाराला पान झिजलं, हरवलं, की नवं रंगवायची मागणी गावातूनच येते. खेळणारा असला की चूक पकडणाराही असतो. सातच्या जागी सहा कासवं काढली तर तिथे पान परत येईल. भिंतीवर ते शंभर वर्षं तसंच राहील.

म्हणून मी ठरवलं आहे ते असं. जमवणाऱ्यांचं मंडळ आता सुरू करायचं नाही. दुर्मीळ, नाजूक ते संग्रहालयाला देऊ. त्याची यादी मी करायला घेतली आहे. दशावतारीचा जुना संचही त्यातच जाईल, दोन सत्त्यांसकट आणि काकांच्या चिठ्ठीसकट. खेळायला सावंतवाडीहून नवा संच मागवला. तो दसऱ्याला आला. बंद डब्याला नव्या रंगाचा वास अजून आहे. मी आधी सगळी साधी पानं मोजली. कूर्माची अठ्ठी आहे.

अडचण एकच होती. गंजिफेला तिघं लागतात. रेल्वेतल्या त्या बाई लगेच हो म्हणाल्या. मी दुसरा. तिसऱ्यासाठी जुन्या सगळ्यांना फोन केले. कुणाचे गुडघे, कुणाच्या घरी आजारपण. शेवटी काकांच्या मुलाला फोन केला, पेटीचं काय करतोय ते सांगायला. त्याने मुलीकडे दिला. ती यंदा बारावीला आहे. तिला येता येईल का, असं विचारलं, वेळ सांगायची मात्र राहूनच गेली.

"दिवसा आहे का रात्री?" तिने विचारलं.

मला वाटलं क्लासची वेळ बघत असेल. म्हटलं, रविवारी दुपारी तीनला.

"मग रामाचा राजा ज्याच्याकडे, तो पहिला," ती म्हणाली. "आजोबांनी शिकवलंय. चादर मी आणू का?"