श्रूजबरीहून : आधी ‘कशासाठी?’ विचारा

अमेरिकेत माणसाची खासगी माहिती फार जपली जाते, असं आपल्याकडे धरूनच चालतात. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात राहायला आल्यावर माझी ती समजूत टिकली नाही. शेजाऱ्याने घर कितीला घेतलं, त्याची सरकारी किंमत किती धरली आहे, हे इथे कुणालाही घरबसल्या बघता येतं. दर वर्षाच्या सुरुवातीला टाउन क्लार्कच्या कार्यालयातून फॉर्म येतो: घरात कोण राहतं, जन्मतारीख काय, व्यवसाय काय. त्यावरून 17 वर्षांच्या आणि त्यावरच्या रहिवाशांची गल्लीवार यादी तयार होते. उत्तर दिलं नाही तर मतदारयादीतलं नाव निष्क्रिय होऊ शकतं. 2017मध्ये इक्विफॅक्स या पतमापन कंपनीतून सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती चोरीला गेली. त्यातल्या बहुतेकांनी ती स्वतःहून कंपनीला दिलेलीही नव्हती.

मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्या आधारसारखा इथला सोशल सिक्युरिटी नंबर मागणाऱ्या सरकारी कार्यालयाने तो सक्तीचा आहे की ऐच्छिक, कुठल्या कायद्याने मागतो आणि त्याचं काय करणार, हे सांगितलंच पाहिजे, असा 1974चा कायदा आहे. खासगी धंद्यांना तो लागू नाही, पण विचारायची सवय लोकांच्या अंगात मुरली आहे. दंतवैद्याकडच्या फॉर्मवर त्या नंबरची चौकट मी कोरी ठेवली. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म घेतला आणि ‘बसा’ म्हणाल्या. कुणी भुवई उंचावली नाही. मायकल्स या हस्तकलेच्या सामानाच्या दुकानाने कार्डावर पैसे घेताना झिपकोड विचारला म्हणून एक ग्राहक कोर्टात गेली, आणि 2013मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने झिपकोडसुद्धा खासगी माहिती ठरवला. पाच आकड्यांसाठी एवढं!

गेल्या खेपेला पुण्यात वहिनींबरोबर कापडाच्या दुकानात गेले होते. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल निघेना. मी हटून बसले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “अहो, देऊन टाका ना, मागे रांग लागलीय.” नंबरासाठी ग्राहकाला अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. ते ना दुकानदाराला ठाऊक होतं, ना रांगेतल्या कुणाला. सोसायटीच्या फाटकावर तेच, लॉजवर तेच. झेरॉक्सच्या दुकानात तर बिघडलेल्या प्रतींच्या खोक्यात कुणाकुणाची आधार कार्डं उताणी पडलेली असतात, पत्त्यासकट, जन्मतारखेसकट.

याची मला चीड येते, कारण कायद्यात आपण मागे नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. खटला लढवणारे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. 2023मध्ये आपल्या संसदेने माहिती संरक्षणाचा कायदा केला. अमेरिकेत सगळ्या देशाला लागू होईल असा व्यापक कायदा आजही नाही.

तेव्हा आधारची प्रत द्यायचीच असेल, तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. आणि त्याआधी, रांग कितीही लांब असो, ‘कशासाठी हवंय?’ एवढं विचाराच.