पाटण्याचं कोरीव कवच

मैंदर्गीत आमच्या घरी पोत ओवायची म्हणजे अख्खी दुपार जायची. आई परातीत मणी ओतायची, दोऱ्याच्या टोकाला मेण लावायची आणि भोक वाकडं असलेला मणी बाजूला काढायची. पुढे पाटण्याबद्दल वाचलं तेव्हा मला आधी ती परात आठवली.

पाटणे हे चाळीसगाव तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याचं छोटंसं गाव. लोक येतात ते पाटणादेवीला. गणिताचे प्रेमी येतात भास्कराचार्यांसाठी. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी इथेच उजेडात आणला. पण गावाचं सर्वांत जुनं धन मातीत होतं.

1970च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं. दगडी हत्यारांचे थरावर थर निघाले आणि त्यांत शहामृगाच्या अंड्यांची कवचं! कार्बन पद्धतीने त्यांचं वय निघालं सुमारे 25,000 वर्षं. शहामृग आणि खानदेशात? होय. 2017मध्ये भारतातल्या अशा जुन्या कवचांतला डीएनए तपासला गेला, तेव्हा तो आफ्रिकी शहामृगाशीच जुळला.

कवच जेमतेम दोन मिलिमीटर जाड. त्याचा तुकडा घ्यायचा, दगडी टोच्याने भोक पाडायचं, मग कडा घासून गोल करायच्या. असे मणी पाटण्यात मिळाले. आणि मिळाला एक कोरीव तुकडा: समांतर रेघा, त्यांच्यामध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी. भारतात इतरत्र ‘कोरीव’ म्हणून दाखवलेल्या बहुतेक कवचांवरच्या खुणा नैसर्गिक झिजेच्या निघाल्या. पाटण्याचा तुकडा त्या कठोर तपासणीतही टिकला. या रेघा माणसानेच ओढल्या आहेत.

फ्रान्समधलं मोंतिन्याक हेही लहानच गाव. 1940मध्ये शेजारी लास्को गुहा सापडली आणि तिच्यातल्या घोड्या-बैलांमुळे गावाचं नाव जगभर गेलं. आमच्या कवचावरची जाळी त्या चित्रांहून काही हजार वर्षं जुनी आहे, हे किती मराठी घरांत ठाऊक असेल? लोकांच्या श्वासाने चित्रं बिघडू लागली म्हणून 1963मध्ये लास्को बंद झाली. 1983मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती खुली केली.

कवचाची प्रतिकृती तर कुंभारही घडवील. तळहातावर मावणारी ती जाळी खानदेशातल्या प्रत्येक शाळेत असावी, पोरांनी तिच्यावरून बोट फिरवावं, एवढं मला मनापासून वाटतं.